जिनिंगची धूळ, छातीचं आवळणं आणि आईकडून आलेला बहिरेपणा: यांचा एकमेकांशी संबंध असतो का?

प्रश्न थोडक्यात असा: भाऊ ३१ वर्षांचा, चोपड्याजवळच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, सात हंगाम काम करतो. सुटीनंतर कामावर गेला की छाती आवळते, खोकला येतो, हल्ली कानात गुंई वाजते. आईला आणि मामाला टीबीच्या सुया चालू असताना ऐकू येईनासं झालं होतं. भावाला आता टीबीचा संशय सांगितलाय, म्हणून औषधं घ्यायलाच घर घाबरतंय. विचारणाऱ्या ताईंना स्वतःच्या दोन लहान मुली आहेत.

ताई, कापसाच्या धुळीने बहिरेपणा येत नाही आणि बहिरेपणाच्या जनुकाने दमा होत नाही. तुमच्या घरात या दोघांना जोडणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे सुई. छातीच्या आजारावर दिलेलं औषध काही कुटुंबांच्या कानाला बाधतं. त्यामुळे छातीची आणि कानाची तपासणी वेगवेगळी करायची, पण दोन्हीची कागदं एकाच फायलीत ठेवायची.

आधी छाती. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळणं ही बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची, खूण आहे. जिनिंगचे कामगार ‘छाती भरी येस’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. रुईचा धागा त्यातला खरा गुन्हेगार नाही. कापसाबरोबर चुरून आलेली वाळकी पत्ती, तिच्यावर वाढलेले जीवाणू आणि त्यांच्यातून सुटणारं एंडोटॉक्सिन नावाचं विष फुप्फुसात जातं आणि श्वासनळ्या आखडतात. म्हणूनच पावसात भिजलेला, गंजीत तापलेला माल फोडायला घेतला की त्रास जास्त होतो. रोज धूळ खाल्ली की शरीर तिला काहीसं सरावतं, सुटीत तो सराव मोडतो आणि पहिल्या दिवशी परत झटका बसतो. कामामुळे होणारा दमा साधारण याच्या उलट चालतो, आठवडा पुढे सरकतो तसा वाढत जातो. इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये शिलिंग या डॉक्टरांनी याच्या पायऱ्या ठरवल्या: कधीमधी पहिल्या दिवशी, दर पहिल्या दिवशी, इतर दिवशीही, आणि शेवटी कायमचा दम. पहिल्या दोन पायऱ्यांवर धूळ सुटली तर माणूस बहुधा सावरतो, शेवटच्या पायरीवरून पूर्ण परत येत नाही.

यात छातीचा एक्स-रे बहुतेक स्वच्छ येतो. ‘फोटोत काही नाही’ ऐकून कामगार घरी परततात, आणि निदान नेमकं तिथेच हुकतं. हवी ती तपासणी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची चाचणी, आणि तीही दोनदा. कामापासून सलग दोन दिवस लांब राहायचं. पाळीवर जाण्याआधी एकदा फुंकायचं आणि किमान सहा तास काम झाल्यावर त्याच मशीनवर पुन्हा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते तो आकडा बघायचा, अहवालात तो एफईव्ही-१ नावाने येतो. समजा सकाळी ३.०० लिटर होता आणि संध्याकाळी २.७० आला, तर घसरण १० टक्के झाली, आणि ती धुळीच्या खात्यात जाते. पाच टक्क्यांच्या आतली घट फारशी बोलत नाही. साप्ताहिक सुटी गावच्या बाजाराच्या दिवशी असेल तर ‘सोमवार’ शोधत बसू नका, सुटीनंतरचा पहिला दिवस धरा.

फुंकण्यात चुका फार होतात. ओठ नळीभोवती घट्ट हवेत, पूर्ण श्वास भरून एका दमात सोडायचा आणि सहा सेकंद सोडत राहायचं. तीन फुंकी नीट व्हायला हव्यात आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोघींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. एकच फुंक मारून हातात दिलेला कागद मी तरी मोजत नाही. आधी चार-सहा तास साल्ब्युटामॉलचा (श्वासनळ्या मोकळ्या करणारा) पंप घ्यायचा नाही, पण दम लागला तर जरूर घ्यायचा आणि तसं सांगायचं. दोन वेळा दवाखान्यात जाणं जमत नसेल तर पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजणारं हातातलं छोटं यंत्र, घ्या. उठल्यावर, कामाआधी, काम सुटल्यावर आणि झोपताना तीन-तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत मांडायचा. दोन आठवडे कामाचे आणि दोन आठवडे सुटीचे एवढं लिहिलं की डॉक्टरला चित्र दिसतं.

बिसिनोसिस वाटतंय म्हणून टीबी सोडून द्यायचा नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप यांतलं काही असेल तर बेडका तपासायला द्या. लाळ चालत नाही, सकाळी चूळ भरून खोलवरून खाकरून काढलेलाच हवा. सरकारी दवाखान्यातली सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी फुकट होते. टीबी निघालाच तर आजचा पहिला उपचार आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल यांच्या गोळ्यांचा असतो. यात तुमच्या आईला बाधलेल्या सुईचं औषध नाही. गोळ्या नाकारू नका.

आता ती सुई. आधी उपचार झालेला टीबी उलटला की पूर्वी दोन महिने स्ट्रेप्टोमायसिन टोचायचे. ही पद्धत सोडून द्यायला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सांगितलं. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवरचं कॅनामायसिनही २०१८ पासून बाजूला पडलं. ही सगळी अमिनोग्लायकोसाइड कुळातली. जीवाणूच्या पेशीत प्रथिनं बनवणारा जो कारखाना असतो, तिथे अडकून ती त्याला मारतात. आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियातही, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातही, तसाच एक छोटा कारखाना असतो. काही कुटुंबांत त्याच्या जनुकात, १५५५ या जागी, ‘ए’ अक्षराऐवजी ‘जी’ असतं. तेवढ्या एका बदलाने तो भाग जीवाणूसारखा दिसू लागतो, औषध तिथेही चिकटतं आणि आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. हा बदल १९९३ मध्ये सापडला. अशा माणसाला डोस अगदी मापात असला तरी बहिरेपणा येऊ शकतो.

मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. आई आणि मामा ही एकाच आजीची लेकरं, दोघांचेही कान सुईनंतर गेले, म्हणून संशय दाट. पण तो संशयच आहे, कारण जास्त दिवस, जास्त मात्रेत दिल्यास हे औषध कोणाच्याही कानाला बाधतं. संशय खरा असेल तर भावात तो बदल असणार, पण भावाच्या मुलांकडे तो त्याच्याकडून जात नाही. मामाच्या मुलांकडेही नाही. तो तुमच्यात आणि तुमच्या दोन्ही मुलींत येतो. तुम्ही भावाची काळजी घेऊन आलात, पण या बाबतीत आधी तुमच्या मुलींचं बघा.

तपासणीला दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं, जांभळ्या झाकणाच्या नळीत. आई असेल तर आधी तिचंच द्या. ‘बहिरेपणाचं पॅनल’ (बऱ्याच जनुकांची एकत्र तपासणी) एवढंच मागितलं तर कधी कधी मायटोकाँड्रिया वाचलेच जात नाहीत, म्हणून चिठ्ठीवर ‘एमटी-आरएनआर१, १५५५ आणि १४९४’ असं, म्हणजे त्या जनुकाचं नाव आणि त्यातल्या तपासायच्या दोन जागा, स्पष्ट लिहून घ्या. अहवाल येईपर्यंत मुलींच्या फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा: अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, टोब्रामायसिन टाळावे, आईच्या माहेरी सुईनंतर बहिरेपणा. न्यूमोनियाला, लघवीच्या संसर्गाला, नवजात बाळाला अमिकासिन-जेंटामायसिन आजही सर्रास टोचतात. धोका टीबीपेक्षा तिथून जास्त आहे. पर्यायी औषधं बहुतेक वेळा असतात. जीवावरच बेतलं आणि दुसरं औषध नसेल तर निर्णय डॉक्टरांचा.

जन्मतःच बहिरी बाळं हा वेगळा विषय. तिथे बहुतेकदा आई-बाप दोघंही ऐकू येणारे, पण दोघांकडे जीजेबी२ जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते आणि दर बाळाला चारात एक शक्यता राहते. आपल्याकडच्या आते-मामेभावंडांच्या लग्नांत ती गाठ पडायचा संभव वाढतो. तुमच्या घरातलं वर्णन तसं नाही.

भावाच्या कानातली गुंई मात्र मशीनच्या आवाजाचीही असू शकते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं समजा. निदान चौदा तास शांततेत राहून मगच ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढा. ४००० हर्ट्झला खड्डा पडून ८००० ला रेघ पुन्हा वर येत असेल तर आवाजाचा मार. ८००० पर्यंत उतरतच गेली तर अनुवंशाचा किंवा औषधाचा विचार करायचा. कानातले फोमचे बोळे नुसते टेकवून उपयोग नाही: बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सारून वीस-तीस सेकंद दाबून धरायचे.

गमछा धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क अडवतो, पण दाढीवर बसत नाही. सगळ्यात वाईट वेळ झाडण्याची आणि हवेच्या दाबाने मशीन साफ करण्याची. तेव्हा मास्कशिवाय शेडमध्ये थांबूच नये. घरी चुलीत पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जळत असेल तर कामावरून आलेल्या माणसाने त्या धुरात बसू नये. आणि स्पायरोमेट्री मशीनं चालू आहेत तोवरच उरका. हंगाम उन्हाळ्याकडे संपतो, मग पाळीआधी-पाळीनंतरची तुलना करायला धूळच उरत नाही. बंद झाल्यावर महिनाभराने एकदा नुसतं फुंकून ठेवा, पुढच्या दिवाळीनंतर तो आकडा लागेल.