थोडक्यात, पण पूर्ण

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. घरपट्टीच्या नोटिशीचा फोटो मिळाला. खाली तू लिहिलंस, "काका, चांगला वकील सांगा, अपील करायचंय." वकील सांगतो. पण आज तुला अपील करताच येणार नाही, हे आधी समजून घे.

तुझ्या हातात आहे ती विशेष नोटीस. करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या आकड्यावर घरपट्टी लावतात तो, वाढवलं की ती द्यावी लागते. तिच्यावर पहिलं पाऊल म्हणजे महापालिका आयुक्तांकडे लेखी हरकत. त्या हरकतीची सुनावणी होऊन निकाल लागला की मग महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील. पुण्यात ते लघुवाद न्यायालयात जातं, इतर बहुतेक शहरांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. आधी हरकत घेतलेली नसेल तर करयोग्य मूल्याविरुद्धचं अपील दारातूनच परत जातं. हायकोर्टात थेट रिट, म्हणजे सरकारी कारवाईविरुद्धची याचिका, टाकू असं कुणी सुचवेलही, पण कायद्यात दाद मागायची वाट असताना ती सोडून आलात का, हाच तिथला पहिला प्रश्न असतो.

म्हणून वकील शोधायचाच असेल तर तो आत्ता, हरकतीचा अर्ज लिहायच्या आधी शोध. निकाल विरुद्ध गेल्यावर धावत जाऊ नकोस. सुनावणीच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत मी बरीच वर्षं काढली. लोक नेमकं उलट करताना रोज दिसायचे. अर्ज स्वतः खरडायचे, दोन ओळींत: "घरपट्टी फार वाढली आहे, परवडत नाही, कमी करावी." हरले की मोठा वकील द्यायचे. तो वकील कितीही हुशार असला तरी त्याला उभं राहायला त्या दोन ओळींएवढीच जागा असायची. अर्जात न उचललेला मुद्दा अपिलात पहिल्यांदा काढला की महापालिकेचा वकील लगेच आक्षेप घेतो.

कायद्याच्या करआकारणी नियमांत हरकतीबद्दल एक अपेक्षा सांगितली आहे: कारणं थोडक्यात, पण पूर्ण मांडायची. नोकरीत असताना या शब्दांकडे मी कधी नीट पाहिलं नाही. आता मला ते सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. परवडत नाही हे कारण नाही, ती अडचण आहे. मला तिची कदर आहे, पण सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला तिच्यावर काही करता येत नाही. मोजमाप चुकलं, वापर चुकीचा लावला, दर चुकीचा लावला, बांधकामाचं वर्ष चुकलं, ही कारणं.

तुझ्या नोटिशीत दोन चुका मला फोटोतच दिसल्या. घर ८८० चौरस फुटांचं. बाबांनी बांधलं तेव्हा मंजूर नकाशा मी पाहिला होता. नोटिशीत १,१४० आहे. हे २६० फूट कुठून आले याचा माझा अंदाज असा की सर्वेक्षण वरून झालं, आणि वरून पत्रा दिसतो, पत्र्याखाली भिंती आहेत की नाही ते दिसत नाही. मागची धुण्याची जागा तीन बाजूंनी उघडी आहे. ती आकारणीत धरायचीच नाही, असं तुला ठामपणे म्हणता येईल का यावर वाद होऊ शकतो. राहत्या खोलीच्या दरानं धरू नये, हे मात्र नक्की म्हणता येईल. दुसरी चूक पुढच्या खोलीची. बाबा तिथं शिकवणी घ्यायचे. शिकवणी त्यांच्याबरोबर संपली, त्याला तीन वर्षं झाली, आणि खोली अजून बिगरनिवासी लागते आहे.

आता हिशेब कर, कारण वकिलावर किती खर्चायचं ते यावरूनच ठरतं. निवासी दर महिन्याला चौरस फुटामागे २ रुपये धरलाय. ८८० गुणिले २ गुणिले १२ म्हणजे २१,१२० हे वार्षिक भाडेमूल्य. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, की १९,००८ हे करयोग्य मूल्य. नोटिशीत ९६० फूट २ रुपयांनी आणि पुढची १८० फुटांची खोली ८ रुपयांनी धरली आहे. तोच हिशेब केला की ३६,२८८ येतात. फरक १७,२८०. सगळे कर मिळून ४० टक्के धर. वर्षाला साधारण ६,९०० रुपये जास्त. एका वर्षापुरते हे पैसे वकिलाच्या फीएवढेही नसतील. पण आकारणीतली चूक एकदा पुस्तकात बसली की वर्षानुवर्षं तिथंच राहते. दहा वर्षांचे ६९,००० होतात. त्यातला मोठा वाटा त्या एका खोलीचा आहे, हेही लक्षात घे. नुसता पत्र्याचा प्रश्न असता तर मी म्हटलं असतं, वकील नको, आर्किटेक्टकडून मोजणीचा दाखला घे आणि स्वतः जा.

आर्किटेक्टचा दाखला तर तुला लागणारच आहे. वकील बोलतो, पण फूट मोजत नाही. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मोजणीचा दाखला, मागच्या बाजूचे फोटो, खोलीत आज काय आहे त्याचे फोटो, वीजजोडणी निवासी असेल तर तिचं बिल, हे सगळं अर्जासोबत जाऊ दे. वॉर्ड ऑफिसात जाऊन आकारणी नोंदवहीतली तुझ्या घराची नोंद स्वतः पाहा आणि उतरवून घे. माहितीच्या अधिकाराचा १० रुपयांचा अर्जही टाक, पण त्याच्या उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि हरकतीची मुदत तेवढी थांबत नाही. मुदत नोटिशीवरच छापलेली असते. नोटीस हाती पडल्याची तारीख आजच लिहून ठेव आणि पाकीट फेकू नकोस.

घर अजून बाबांच्या नावावर आहे. अर्जात तू आणि भाऊ वारस म्हणून दोघांच्या सह्या करा, मृत्यूचा दाखला जोडा. भाऊ परगावी असेल तर त्याच्याकडून अधिकारपत्र मागव. नाव लावायचा अर्ज वेगळा दे. दोन्ही एकत्र केले की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

हरकतीत पहिल्या परिच्छेदात मालमत्ता क्रमांक, नोटिशीची तारीख आणि ती मिळाल्याची तारीख. दुसऱ्यात: "नोटिशीत क्षेत्र १,१४० चौ. फूट दाखवले आहे. मंजूर नकाशा व सोबतच्या मोजणी दाखल्यानुसार ते ८८० चौ. फूट आहे. जागेवर माझ्या समक्ष फेरमोजणी व्हावी." तिसऱ्यात खोलीचा वापर, कधीपासून निवासी, पुरावा काय. चौथ्यात: "वरील मुद्द्यांना बाध न येता, लावलेला दर व त्याचा आधार लेखी मिळावा." शेवटी तुझ्या मते करयोग्य मूल्य किती असावं तो आकडा. आकडा लिहायला लोक कचरतात. तू लिही. आवक विभागात दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

हा अर्ज पाठवण्याआधी वकिलाला दाखव. एक तासाचा सल्ला, त्याची वेगळी फी. पुढे अपील झालं तर तोच माणूस, म्हणजे त्याला स्वतःच रचलेल्या पायावर उभं राहता येईल.

माणूस कसा निवडायचा? खरेदीखतं करणारा नको, फौजदारीचा नको. दिवाणी बाजूला काम करणारा आणि कलम ४०६ ची अपिलं प्रत्यक्ष चालवलेला हवा. सरळ विचार, "शेवटचं कधी चालवलं, काय झालं?" हरलेली केस सांगणारा आणि का हरलो ते समजावणारा वकील मला जिंकलेल्याच सांगणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. तो महापालिकेच्या पॅनेलवर, म्हणजे महापालिकेसाठी केस चालवणाऱ्या वकिलांच्या यादीत, आहे का तेही विचार. तारखेला स्वतः उभा राहणार की ज्युनियर? ज्युनियर असला तरी हरकत नाही, पण कोण ते आधी माहीत असावं. फी टप्प्याटप्प्यानं ठरव: अर्ज, सुनावणी, अपील दाखल, युक्तिवाद. कोर्ट फी, नकला, टायपिंग वेगळं लिहून घे. प्रत्येक पैशाची पावती.

वॉर्ड ऑफिसच्या बाहेर तुला कुणीतरी भेटेल. "जेवढी घरपट्टी वाचेल त्याचे एवढे टक्के द्या, बाकी काही नको." ऐकायला गोड आहे. निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळकतीत वाटा ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. म्हणजे टक्केवारी मागणारा एकतर वकील नाही, किंवा पहिल्याच भेटीत स्वतःच्या व्यवसायाचा नियम मोडतो आहे. आणि ते पैसे तो कुणाकुणाला देणार आहे हेही तुला कळणार नाही. त्या वाटेला जाऊ नकोस, बाळ. बाबांच्या घराच्या कागदात ते नको.

मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नकोस, झेरॉक्स दे, मूळ फक्त दाखव. तरी समजा गेलेच आणि पुढं बिनसलं, तर घाबरू नकोस. फी बाकी आहे म्हणून वकिलाला अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली स्पष्ट सांगितलं आहे.

अपिलाची वेळ आलीच तर दोन गोष्टी कठोर आहेत. हरकतीचा निकाल लागल्यापासून १५ दिवसांत अपील दाखल व्हायला हवं. आणि वादातल्या मूल्यावरचा तोपर्यंतचा कर आधी भरावा लागतो. हे अन्यायाचं वाटतं, मलाही वाटतं. अहमदाबादच्या एका गिरणीनं याच अटीला आव्हान दिलं होतं. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट टिकवली. तेव्हा पैशांची सोय आत्तापासून कर, आणि भरताना "हक्क राखून" असं पत्र जोड. थकवू नकोस, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते.

पण त्याच न्यायालयाचा आणखी एक निकाल आहे, आपल्या बार्शीचा. नगरपालिकेनं गिरण्यांची आकारणी जागेच्या क्षेत्रफळावर सरसकट दरानं केली होती. त्या मिळकतीला प्रत्यक्षात किती भाडं येऊ शकेल याचा विचारच नव्हता. लोकमान्य मिल्सनं दाद मागितली. १९६१ मध्ये न्यायालयानं ती पद्धत रद्द केली, कारण सरसकट दर लावला की माझ्या मिळकतीचं मूल्य चुकलं असं म्हणायला करदात्याला काही जागाच उरत नाही. त्यानंतर कायदे बदलले, पद्धती बदलल्या, मुंबईत तर भांडवली मूल्यावर कर आला. त्यामुळे हा निकाल तुझ्या घराला जसाच्या तसा लावता येईलच असं नाही, तो विचार वकिलाला करू दे. मी तो सांगतो कारण हरकत हा कायद्यानं तुला दिलेला हक्क आहे. ती घेताना अपराध्यासारखं उभं राहायचं नाही.

आता एक जे मी कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीतल्या मधल्या वर्षांत एक विधवा बाई माझ्यासमोर आल्या होत्या. शेजारच्या घराचा जिना त्यांच्या क्षेत्रात मोजला गेला होता. नकाशा पाहताच मला ते कळलं. पण अर्ज नऊ दिवस उशिरा होता आणि त्यात जिन्याचा शब्द नव्हता. मी "मुदतबाह्य" लिहून सही केली. दुरुस्तीचा प्रस्ताव मला मांडता आला असता. निदान एवढं तरी सांगता आलं असतं की आकारणीचं पुस्तक दर वर्षी नव्यानं केल्यासारखंच धरलं जातं, जाहीर नोटीस निघते, आणि पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा हरकत घेता येईल. मी सांगितलं नाही. पुढं त्यांनी वकील देऊन अपील केलं, ते टिकलं नाही. काही वर्षांनी त्याच गल्लीत दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा कळलं, त्या अजून त्या जिन्याचा कर भरत होत्या.

म्हणून तुला एवढं सविस्तर लिहितोय. काही कारणानं यंदाची मुदत हुकलीच तरी हरू नकोस. पुढच्या वर्षीच्या जाहीर नोटिशीवर लक्ष ठेव. आणि पुण्यातल्या तुझ्या मावशीलाही विचार, तिनं घरपट्टीतल्या सवलतीचा पीटी-३ अर्ज भरलाय का. स्वतः राहणाऱ्या मालकाला तिथं ४० टक्के सवलत मिळते, त्याला वकील लागत नाही.

मला माहीत असलेल्या दोन वकिलांची नावं तुला फोनवर सांगतो, इथं लिहीत नाही. दोघांनाही भेट, मग ठरव.

शनिवारी सकाळी नऊला टेप घेऊन येतो. आर्किटेक्ट येण्याआधी आपण एकदा मोजू. मागचं दार उघडं ठेव आणि पत्र्याखालची बादल्या-पिंपं हलवून ठेव, तिथूनच सुरुवात करू.

तुझा,
काका