कोपर आतून दुखतंय, मॅचला पाठवू का?

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा 15 वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल टीमचा पिचर, म्हणजे बॅटिंगवाल्याला बॉल फेकणारा आहे. महिनाभर उजवं कोपर आतल्या बाजूने दुखतंय, शर्टाचं वरचं बटण लावताना पण कळ येते. त्याचे सर म्हणतात टाकायची पद्धत सुधारली की थांबेल, आणि ह्यांचं म्हणणं नीरज चोप्राचं पण कोपर दुखायचंच की. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला मॅचेस आहेत, पाठवू का? – एक आई, तासगाव

उत्तर : ताई, साताऱ्याला पाठवा, कंदी पेढे आणायला पाठवा, बॉल टाकायला नको. नीरजचं 2019 ला कोपराचं ऑपरेशन झालं, दोहाची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली, हे त्याच्या बाबांना सांगा. आणि तो तेव्हा 21 वर्षांचा होता, हाडं पक्की झालेली. तुमच्या पोराचं कोपराच्या आतलं हाड या वयात बहुधा अजून पूर्ण जुळलेलं नसतं, मधे कूर्चा असते आणि जोरात फेकलेला प्रत्येक बॉल तिथेच ओढ देतो. मोठ्या पिचरांचं त्याच बाजूचं लिगामेंट, म्हणजे दोन हाडं बांधणारा पट्टा, तुटतं. 1974 ला अमेरिकेत डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून तिथे बसवला, तो 1976 ला परत खेळला, म्हणून ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं. ते केलं की स्पीड वाढतो असं पोरं एकमेकांना सांगतात, ते खोटं आहे.

सरांचं अर्धं बरोबर आहे. आसूड बघितलाय ना, मूठ हळू फिरते आणि टोक कडाडतं, तसा जोर पायातून कंबरेत, कंबरेतून खांद्यात यायला पाहिजे. कंबर आणि खांदा एकदमच फिरले की सगळा भार कोपरावर. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि पुढचा पाय टेकतो तिथे थांबवा, कोपर खांद्याच्या रेषेत दिसलं पाहिजे, खाली लोंबत असेल तर तिथेच घोळ आहे.

पण पद्धत कितीही चांगली असली तरी आकडा कोण मोजतंय? त्याला विचारा काल किती बॉल टाकलेस, सांगता येणार नाही बघा. अमेरिकेच्या पिच स्मार्ट नियमात 15-16 वयाला दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच, म्हणजे फेकलेले बॉल, आणि 76 किंवा जास्त झाले की 4 दिवस पिचिंग बंद. आपल्याकडे सकाळी प्रॅक्टिस, दुपारी एक मॅच, संध्याकाळी दुसरी आणि मधे कॅचर (बॅटिंगवाल्याच्या मागे बसून बॉल पकडणारा) आजारी म्हणून यालाच मागे बसवायचं, मग पद्धत काय करणार! दमलेला हात आपोआप खाली येतोच.

आता मिरज जवळच आहे तुम्हाला, हाडांच्या डॉक्टरांकडे दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढा, चांगल्याशी ताडून बघता येतं. बाम चोळून किंवा गोळी देऊन खेळवू नका, दुखणं झाकलं जातं फक्त. सहा आठवडे तरी फेकणं बंद राहील असं धरून चाला, बॅटिंग करू का ते पण डॉक्टरांनाच विचारायचं. परत सुरू करताना जवळून, हळू, आणि धाकटं भावंड असेल तर त्याच्या हातात वही द्या, प्रत्येक बॉलला एक रेघ.