वायफाय रडतंय? आधी वायर लावून बघा

कंपनीला फोन करायच्या आधी एक करा. लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. वायरवर प्लॅनइतका वेग आला, तर लाइन ठीक आहे, दुखणं घरातच आहे. तिथेही कमीच आला, तर खुशाल तक्रार करा. मात्र प्लॅन २०० चा आणि आकडा ९४-९५ वरच अडकतोय, तर बहुतेक पोर्ट किंवा वायर १०० एमबीपीएसवर चालतेय.

आमचा राउटर दोन वर्षं टीव्ही युनिटच्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यांमागे होता. का, तर हॉलमध्ये बरा दिसत नाही! बेडरूममध्ये रडतखडत ८ मिळायचे. पॅसेजमध्ये डोक्याच्या उंचीवर टांगला आणि ४० च्या वर गेला. खर्च दोन खिळ्यांचा.

वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंती आल्या की दमतो. २.४ चा लांब पोचतो, पण बिल्डिंगभरची गर्दी तिथेच. त्यावर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल (म्हणजे पट्ट्यातली लेन) १, ६ किंवा ११ यांतलाच घ्या. मधला घेतला की दोन्ही बाजूंची लुडबुड. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे भाजी गरम करताना व्हिडिओ कॉल अडकला, तर राउटरला शिव्या घालू नका.