उत्तराचं गाणं लिहू दे, पण त्या कागदावर सही नको

सोलापूरहून एका आईचं पत्र आलं आहे. ते तीन पानांचं आहे, त्यातला मुख्य भाग असा :

‘मुलाचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, मी घरी शिवणकाम करते. मुलगा 19 वर्षांचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षं झाली, रॅप करतो. स्वतः लिहितो आणि यूट्यूबवर टाकतो. ज्या दोघांबरोबर सुरुवात केली त्यांच्याशी फाटलं. आता त्यांनी याच्यावर गाणं काढलंय. हा दुसऱ्याचं लिहिलेलं म्हणतो असं त्यात आहे, वडिलांच्या कामावरूनही चिडवलंय. परवा ती पोरं गाडीवरून येऊन गल्लीच्या तोंडाशी थांबली होती. हा धड जेवत नाही, रात्रभर उत्तराचं गाणं लिहितो. कॉलेज सोडून मुंबईला जातो म्हणतो. मॅडम, तुम्ही समजावून सांगा. पुण्याची एक कंपनी पाच गाण्यांचे 40 हजार देते म्हणते, तेवढं एक बरं झालं. तो कागद सोबत जोडलाय.’

ताई,

तुमच्या पत्रात त्या दोन पोरांबद्दल अडीच पानं आहेत आणि कंपनीबद्दल शेवटी दोन ओळी. आईचा जीव आहे, दारात आलेली गाडी आधी दिसणारच. पण सोबतचा कागद मी दोनदा वाचला आणि मला जास्त धास्ती त्याचीच वाटली. म्हणून आधी कागदाचं लिहिते, पोरांचं नंतर.

त्याच्याही आधी गाण्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर कागद कळणार नाही. तुम्ही पाठवलेली तिन्ही गाणी मी ऐकली. पहिली दोन नवशिक्याची आहेत. बीट, म्हणजे ओळींमागचं तयार संगीत, कुठूनतरी उतरवलेली, आवाज मुंबईच्या रॅपरांसारखा काढायची धडपड. तिसऱ्या गाण्याला मात्र मी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यात त्यानं वडिलांच्या कारखान्यातल्या मागाचा आवाज मोबाईलवर टिपलाय. धोटा इकडून तिकडे फेकला जातो तो ठोका, हाच गाण्याचा ताल. मध्येच सूत तुटतं, माग थांबतो आणि वडील शेजारच्या कामगाराला तेलुगूत काहीतरी विचारतात. ते त्यानं कापलेलं नाही. मग माग पुन्हा सुरू होतो आणि ओळी मराठीतून दखनीत, दखनीतून तेलुगूत जातात, अशोक चौकातली पोरं एका दमात बोलतात तशा. एक ओळ ‘काय बे’नं उचललीय आणि ती तिथे चपखल बसलीय. वडील मागावर उभे असतात आणि घरात मराठी, गल्लीत तेलुगू कानावर पडते म्हणून हे गाणं झालं. मुंबईत राहणाऱ्या कुणाला ते सुचलं नसतं. तुमच्या मुलात काहीतरी आहे, हे मी अंदाजानं म्हणत नाही, ऐकून म्हणते.

आता कागद. पाच गाण्यांच्या यादीत पहिलं नाव याच गाण्याचं आहे. बाकीची चार तर अजून लिहायचीच आहेत. म्हणजे कंपनीला नेमकं काय हवंय ते कंपनीला पक्कं ठाऊक आहे.

एका गाण्यात हक्क एकच नसतो. शब्दांचा हक्क वेगळा, संगीताचा वेगळा आणि तयार ध्वनिमुद्रणाचा, ज्याला ही मंडळी ‘मास्टर’ म्हणतात, तो वेगळा. या गाण्याचे शब्द त्याचे, ताल त्याचा, रेकॉर्डिंगही त्याचंच, म्हणजे तिन्ही हक्क आज तुमच्या घरात आहेत. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणं तयार झालं की हक्क आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही. शब्दांचा आणि संगीताचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं चालतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर 60 वर्षं. एवढा लांब पल्ल्याचा हक्क कंपनी गाण्यामागे 8 हजारांत मागते आहे.

कागदात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ असे दोन शब्द आहेत. ते तिथे उगाच आलेले नाहीत. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. ही मोकळीक राहू नये म्हणून ते शब्द घातले जातात. एक आधार मात्र आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि संगीताच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देताच येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. त्यामुळे ‘रॉयल्टीवर कोणताही दावा राहणार नाही’ हे कागदातलं वाक्य शब्द-संगीतापुरतं कायद्यात टिकणारं नाही. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची ही रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही सोसायटी 1969 पासून आहे. मुलानं तिचं सदस्य व्हावं. मास्टरला मात्र हे कवच नाही. तो कायमचा लिहून दिला की त्यावर मुलाचं काही चालणार नाही.

आणखी दोन अटी आहेत. तीन वर्षं दुसऱ्या कुणासाठी गायचं नाही, आणि यूट्यूब चॅनेलचा ताबा कंपनीकडे. पहिली अट जशी लिहिली आहे तशी घेतली तर गल्लीतल्या गणपती मंडळासमोरही त्याला कंपनीला विचारून गावं लागेल. दुसरी तर मला अजिबात मान्य नाही. जे थोडे लोक त्याला ऐकतात ते त्या चॅनेलवर आहेत, आणि स्वतंत्र कलाकाराची खरी कमाई म्हणजे तेच लोक.

ही कंपनी फसवीच आहे असं मी म्हणत नाही. चांगली कंपनी व्हिडिओला पैसा घालते, गाणं चार ठिकाणी पोचवते आणि त्याचा मोबदला मागते, त्यात गैर काही नाही. म्हणून सरळ नकार कळवू नका, उलट मागणी करा. या एका गाण्याच्या मास्टरचा फक्त परवाना, तीन वर्षांसाठी. मालकी मुलाची. दर सहा महिन्यांनी लेखी हिशेब. व्हिडिओचा खर्च आधी वळता करून घेणार असतील तर जास्तीत जास्त किती, तो आकडा कागदावर. चॅनेलला हात नाही. उरलेल्या चार गाण्यांचं चार गाणी झाल्यावर बघू. कंपनीला गाण्यात रस असेल तर ती बोलणीला बसेल.

आता त्या दोन पोरांकडे येऊ. एकमेकांवर गाणी रचणं हे काही या पिढीचं खूळ नाही. घरात कुणी जुनंजाणतं असेल तर कलगी-तुऱ्याचं विचारा. तुरेवाले शिवाला थोर म्हणायचे, कलगीवाले शक्तीला, आणि रात्रभर सवाल-जवाब चालायचे. समोरच्या फडानं घातलेलं कूट सोडवता आलं नाही की हार. त्या भांडणानं कवनं धारदार झाली. रॅपमधला ‘डिस’, म्हणजे समोरच्याला टोमणे मारणारं गाणं, तोही याच जातीचा. तेव्हा ‘उत्तर लिहूच नको’ असं मी त्याला सांगणार नाही. सांगितलं तर तो माझं पुढचं काही ऐकणारही नाही.

पण 2018 मध्ये एमीवे बंटाय आणि रफ्तार या रॅपरांच्यात गाण्यांतून जी जुंपली, ती त्यानं नीट आठवून बघावी. पाठच असेल त्याला. एमीवेच्या मागे मोठी कंपनी नव्हती आणि त्या लढतीनं त्याचं नाव रॅप न ऐकणाऱ्यांपर्यंतही गेलं. मात्र त्याआधी कित्येक वर्षं तो गाणी टाकत होता. भांडण ऐकून आलेल्या माणसाला चॅनेलवर ऐकायला पुष्कळ काही होतं. तुमच्या मुलाकडे आज तीन गाणी आहेत. उत्तराचं गाणं उद्या लाखभर लोकांनी ऐकलं तरी ते थांबणार कशासाठी? म्हणून माझं त्याला सांगणं आहे की उत्तर लिहून ठेव, पण आधी मागाच्या गाण्यासारखी आणखी तीन-चार गाणी कर आणि मग ते बाहेर काढ. तोवर राग शिळा झाला असेल तर ते गाणं करण्याच्या लायकीचं नव्हतंच.

त्याच्या आवडत्या अमेरिकन रॅपरांचंही सांगते, कारण तो उदाहरण तिथलंच देईल. नास आणि जे-झी 2001 मध्ये एकमेकांवर तुटून पडले होते. 2005 मध्ये दोघं एका मंचावर आले आणि पुढच्या वर्षी नासनं डेफ जॅम या कंपनीशी करार केला, तिचा प्रमुख तेव्हा जे-झीच होता. दुसरीकडे टुपाक आणि बिगी. वैर टोकाला गेलेलं असताना सप्टेंबर 1996 मध्ये एकाचा आणि मार्च 1997 मध्ये दुसऱ्याचा गोळ्या घालून खून झाला. वय 25 आणि 24. तुमच्या मुलापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी पोरं होती ती.

म्हणून उत्तरात काय नसावं ते स्पष्ट लिहिते. कुणाची आई-बहीण नको, जात-धर्म नको, घराचा पत्ता नको, ‘बघून घेतो’ नको, आणि व्हिडिओत कोयता तर मुळीच नको. बदनामी, धमकी, ॲट्रॉसिटी, शस्त्र कायदा या कलमांना ‘गाणं होतं’ ही सबब पुरत नाही. आणि एकदा गुन्हा दाखल झाला की पुढे नोकरीच्या वेळी पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत तो वर येतो. पोलीस भरतीचा फॉर्म भरलेल्या मुलांना या एका गोष्टीसाठी रडताना मी पाहिलंय.

दुसऱ्याचं लिहिलेलं म्हणतो, या आरोपाला गाण्याची गरजच नाही. चार मित्रांना समोर बसवावं, त्यांनी शब्द द्यावेत, यानं तिथल्या तिथे ओळी बांधाव्यात आणि न कापता व्हिडिओ टाकावा. जमत नसेल तर जमेपर्यंत रोज सराव करावा. वडिलांच्या कामावरून चिडवलंय, त्याचं उत्तर तर त्यानं आधीच गायलंय. तेच गाणं नीट रेकॉर्ड करून, वडिलांची परवानगी घेऊन, कारखान्यात चित्रित करून पुन्हा काढावं. कारखान्याच्या मालकालाही विचारावं.

ती पोरं पुन्हा गाडीवरून आली तर मुलाला खाली पाठवू नका आणि तुम्हीही वाद घालू नका. दमदाटी झाली तर 112 ला फोन. त्याआधी एक करून बघा. दोन वर्षांपूर्वी ही पोरं तुमच्याच घरी चहा पिऊन गेली असतील. त्यांच्या आयांना तुम्ही ओळखत असाल. जाऊन भेटा. फाटलं कशावरून ते तुम्ही लिहिलेलं नाही. अशा तिघा-चौघांच्या ग्रुपमध्ये मी बहुतेक वेळा एकच कारण पाहते : चॅनेल कुणाच्या नंबरवर, पैसे कुणाच्या खात्यात, गाण्याखाली नाव कुणाचं आधी. तसं असेल तर जुन्या गाण्यांचे वाटे एका कागदावर लिहून तिघांनी सह्या कराव्यात. बोलणं नसलं तरी सह्या होऊ शकतात.

कॉलेज आणि मुंबई. गाणं प्रसिद्ध करायला आता मुंबई लागत नाही. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर यांसारख्या सेवांमधून सोलापुरात बसून गाणं सगळ्या ॲपवर जातं. पैसा मात्र सावकाश येतो. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं लागतं. स्पॉटिफायवर 2024 पासून, मागच्या 12 महिन्यांत 1000 वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. हे उंबरठे ओलांडले तरी त्यावर मुंबईत खोलीचं भाडं निघत नाही. सुरुवातीचा पैसा कार्यक्रमांतून येतो, आणि सोलापुरात जयंत्या, गणेशोत्सव, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, कॉलेजांची गॅदरिंग आहेतच. पुण्यात सायफरला, म्हणजे रॅपर गोलात जमून आळीपाळीनं गातात तिथे, जायचं असेल तर सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन रात्री घरी येता येतं. वडिलांनी त्याला महिन्यातून एकदा तेवढं तिकीट द्यावं, ही माझी तुम्हा दोघांना विनंती.

शिक्षण सोडायचं म्हणत असेल तर त्याला याच गावच्या राम जोशीची गोष्ट सांगा. पेशवाईतला हा शाहीर तमाशाच्या नादी लागला म्हणून कीर्तनकार थोरल्या भावानं, मुद्गल जोशींनी, त्याला घराबाहेर काढलं. तो पंढरपूरला गेला आणि संस्कृत शिकून आला. पुढे त्याच्या लावणीत ते शिक्षण जागोजाग दिसतं. तुमच्या मुलाच्या कानाला तर यंत्राचा आवाज कळतो आणि तो सायन्सचा आहे. त्यानं पदवी पूर्ण करावी. मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर मिक्सिंग शिकायला आजच लागावं. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत पदवीनंतर ध्वनिमुद्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याच्या प्रवेशाच्या अटी आतापासून वाचून ठेवाव्यात. गाणं चाललं तर ते शिक्षण गाण्याला लागेल, नाही चाललं तरी स्टुडिओत पोटापाण्याचं काम मिळेल.

आणि पहिल्या दोन गाण्यांच्या बीट कुणाच्या आहेत ते त्यानं शोधावं. परवानगी नसेल तर ती खाली उतरवावीत किंवा रीतसर परवाना विकत घ्यावा. आपल्या हक्कासाठी कंपनीशी बोलायला बसताना दुसऱ्याचा माल आपल्या चॅनेलवर असू नये.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. कंपनीला ‘वकिलाला दाखवून कळवतो’ असा लेखी निरोप द्या. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथे वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. मुलाला सोबत न्या, कारण तो सज्ञान आहे आणि सही त्याची लागणार आहे. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणि त्या कागदाची झेरॉक्स बरोबर असू द्या. कंपनीचं उत्तर आलं की मला पाठवा, मी वाचेन.