‘मर्क्युरी पूल’मधला पूल कोणता?

विचारणा अशी आहे : जुन्या रेडिओच्या सामानात मिळालेल्या एका काचेच्या नळीला विक्रेत्याने ‘मर्क्युरी पूल रेक्टिफायर’ (रेक्टिफायर म्हणजे दिशा बदलणारी वीज एकाच दिशेने वाहू देणारे साधन) अशी चिठ्ठी लावली आहे, नळीवर ८६६-ए हा क्रमांक आहे, आत पाऱ्याचे थेंब दिसतात, तर तिला मराठीत ‘पारा-पूल एकदिशकारक’ म्हणावे का?

म्हणू नये. एक कारण भाषेचे आहे आणि दुसरे त्या नळीचेच.

देवनागरीत ‘पूल’ लिहिले की मराठी वाचकाला नदीवरचा पूल दिसतो. एरवी संदर्भाने अर्थ सावरला असता, पण इथे संदर्भच फसवतो, कारण चार डायोड चौकटीत जोडून केलेल्या ब्रिज रेक्टिफायरला ‘पूल एकदिशकारक’ म्हणणे अगदी साहजिक आहे, आणि ‘पारा-पूल’ वाचणारा त्याच जोडणीचा विचार करू लागेल. चिठ्ठीवरचा ‘पूल’ मात्र इंग्रजीतला, साचलेल्या द्रवाचा आहे. पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०२ मध्ये पुढे आणलेल्या या पाऱ्याच्या रेक्टिफायरमध्ये ऋणाग्र (कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारे टोक) ही तारेची वात नसून तळाशी साठलेला पाराच असतो. ठिणगी पाडून चाप (आर्क, म्हणजे वायूतून सलग वाहणारा झगझगीत विद्युतप्रवाह) पेटवला की पाऱ्याच्या पृष्ठभागावर एक झगझगीत ठिपका उमटतो आणि सतत इकडून तिकडे धावत राहतो. तिथून इलेक्ट्रॉन सुटतात, पाऱ्याची वाफ होते, ती वरच्या फुगीर काचेवर थंड होऊन थेंबांनी पुन्हा तळाशी उतरते. पारा झिजून संपत नाही, हे या रचनेचे मोठे बळ होय.

मग त्या साठ्याला काय म्हणावे? ‘डबके’ म्हटले तर घाण आणि साचलेपण डोळ्यांपुढे येते. ‘थारोळे’ अर्थाने जवळचे आहे, पण मराठीत ते रक्ताला इतके चिकटले आहे की तिथून सोडवता येणार नाही. ‘तळे’ फार मोठे होते. मला ‘कुंड’ हाच शब्द योग्य वाटतो : ते मुद्दाम घडवलेले असते, त्यात पाणीही राहते आणि होमाचा अग्नीही, आणि इथे तर द्रव व ज्वाळा दोन्ही एकाच जागी आहेत. म्हणून ‘पारदकुंड एकदिशकारक’. ‘पारा’ऐवजी ‘पारद’ घेतला तो समास एकाच घराण्यातल्या शब्दांचा व्हावा म्हणून. बोलताना ‘पाऱ्याच्या कुंडाची नळी’ म्हणायला काहीच हरकत नाही. ‘निर्वात नलिका’ हा रूढ शब्द मात्र इथे टाळावा, कारण चाप पेटल्यावर काम चालते ते निर्वातात नव्हे, पाऱ्याच्या वाफेत.

आता दुसरे कारण. आपली ८६६-ए ही पारदकुंडाची नळी नाहीच. तिच्या बैठकीला चार पिना असतात, त्यांतल्या दोन जाड. मल्टिमीटर लावून पाहिल्यास त्या दोन जाड पिनांमध्ये जवळजवळ शून्य रोध दिसेल, कारण तिथे २.५ व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर घेणारी तापतार (फिलामेंट) जोडलेली आहे. ही तापतारच इलेक्ट्रॉन सोडते. आतले थेंब फक्त वाफ पुरवण्यासाठी आहेत. पारा दिसला म्हणजे कुंड झाले असे नाही : नळी उभी असताना तळाशी हलणारा, तारेने बाहेर जोडलेला साठा आहे का, आणि तापतारेचा अभाव आहे का, या दोन खुणा एकत्र पाहाव्यात.

तेव्हा आपल्या चिठ्ठीवर ‘पारदबाष्प एकदिशकारक, तप्त ऋणाग्र’ असे लिहावे. आणि नळी कधी चालवायची झाली तर ती उभी ठेवून आधी तापतार किमान अर्धा मिनिट तापू द्यावी. वाहतुकीत पारा इकडेतिकडे उडाला असेल तर आणखी बराच वेळ द्यावा, आणि मगच धनाग्राला (ॲनोडला) उच्च व्होल्टता द्यावी.