जर्मनीत मित्रांबरोबर बाहेर जेवताना बिल कसं वाटायचं

तुम्ही विचारलंय, की सप्टेंबरअखेर मास्टर्ससाठी श्टुटगार्टला निघताय; पुण्यात एकाने बिल भरायचं आणि बाकीच्यांनी नंतर जीपे करायचं, ही सवय तिथे चालेल का, की कायम टीटीएमएम, आणि जर्मन मित्रांसमोर पैशांचं बोललं तर वाईट दिसेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजिबात वाईट दिसत नाही. पैशांचं आधी बोलून घेतलं नाही, तर मात्र टेबलावरून उठताना सगळेच अवघडतात.

तिथे प्रत्येकाने आपापलं द्यायचं हे गृहीतच असतं. बिल मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही. 'त्साहलन, बिट्टं' म्हणालात की वेटरचा पहिला प्रश्न येतो: 'त्सुझामन ओडर गेट्रेंट?' म्हणजे एकत्र की वेगवेगळं. 'गेट्रेंट' म्हणालात, की पुढचा प्रकार आपल्याकडे सहसा दिसत नाही, म्हणून नीट सांगतो. वेटर हातातलं छोटं यंत्र आणि जाडजूड काळं पाकीट घेऊन एकेकाशेजारी उभा राहतो. तुम्ही काय घेतलंत ते तुम्ही सांगायचं: एक केझेश्पेट्झलं (चीज घातलेले तिथले नूडल्स), एक आप्फेलशोर्लं (सफरचंदाचा रस आणि सोडा). तो त्या दोन गोष्टी टेबलाच्या हिशेबातून वेगळ्या काढतो, रक्कम सांगतो, तुम्ही तिथल्या तिथे पैसे देता, आणि तो पुढच्या माणसाकडे वळतो.

यात ठरलेली गडबड एकच, आणि ती शेवटच्या माणसाच्या गळ्यात पडते. यंत्रात सगळ्या टेबलाचा हिशेब एकत्र असतो. ज्या गोष्टी कोणीच आपल्या म्हणून सांगितल्या नाहीत, त्या शेवटी उरतात: मध्ये ठेवलेली पाण्याची बाटली, सगळ्यांनी दोन-दोन खाल्लेले बटाट्याचे फ्राइज, कोणाची तरी विसरलेली दुसरी कॉफी. त्यामुळे सामायिक गोष्ट मागवतानाच ती कोणाच्या नावावर ते ठरवा. एका बाटलीचे चार भाग करून द्यायला काही वेटर तयार होतात, पण गर्दीच्या वेळी ते सांगू नये. एकाने ती आपल्या बिलात घ्यावी, बाकीच्यांनी त्याच्या हातावर दीड-दोन युरोची नाणी ठेवावीत. नाणी ठेवण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

पाण्याचं मुद्दाम सांगतो, कारण आपल्या लोकांच्या बिलात अनपेक्षित आकडा बहुतेक वेळा त्याचाच असतो. बसल्या बसल्या टेबलावर पाण्याचे ग्लास येत नाहीत. पाणी मागितलंत तर बाटली येते, तीही बऱ्याचदा सोड्यासारखी फसफसणारी, आणि पाऊण लिटरला सहा-सात युरो सहज लागतात. साधं हवं असेल तर 'श्टिलेस वासर' म्हणा. नळाचं पाणी, 'लायटुंग्सवासर', मागता येतं, पण ते देणं बंधनकारक नाही आणि काही ठिकाणी त्याचेही पैसे लावतात. एक मोठी बाटली चौघांत घेतलेली परवडते.

मेन्यूवरचा आकडा हाच शेवटचा आकडा. कर त्यातच धरलेला असतो, आपल्यासारखा खाली जीएसटी किंवा सर्व्हिस चार्ज जोडला जात नाही. म्हणून आपला वाटा जेवण मागवतानाच पैशापर्यंत कळतो, आणि 'साधारण इतके झाले असतील' हे बोलणं तिथे कोणी करत नाही. वर द्यायची ती फक्त टिप.

टिप देण्याची पद्धत वेगळी आहे. टेबलावर पैसे ठेवून निघायचं नाही. पैसे देताना टिप धरून एकूण रक्कम तोंडाने सांगायची. बिल 17.60 झालं आणि तुम्ही 20 ची नोट दिलीत, तर 'नॉयनत्सेन, बिट्टं' म्हणा. वेटर 19 धरून एक युरो परत देईल. सगळे ठेव म्हणायचं असेल तर 'श्टिम्ट झो'. इथे नवखे लोक हमखास फसतात: नोट पुढे करताना सवयीने 'डांकं', म्हणजे धन्यवाद, म्हणतात, आणि त्याचा अर्थ 'उरलेले ठेवा' असा घेतला जाऊ शकतो. 17.60 साठी 50 ची नोट देताना ते महागात पडेल. आभार सुटे हातात आल्यावर माना.

किती द्यायची? पाच ते दहा टक्के. वीस युरोच्या आत असेल तर वरच्या पूर्ण आकड्याला नेऊन एखादा युरो जास्त पुरे. टिपवरच वेटरचं पोट चालतं अशी अमेरिकेतली स्थिती तिथे नाही. त्याला कायद्याचं किमान वेतन मिळतंच, 2026 पासून ते तासाला 13.90 युरो आहे. पण टिप अजिबात न देणं म्हणजे सेवा आवडली नाही असं सांगणं, आणि वेगवेगळ्या बिलासाठी त्याने सहा जणांशी सहा वेळा हिशेब केलेला असतो, हे लक्षात ठेवा. कार्डाने देणार असाल तर कार्ड टेकवण्याआधी रक्कम सांगा. नव्या मशीनवर 5, 10, 15 टक्क्यांची बटणं येतात. 15 दाबायची गरज नाही, स्वतःची रक्कम टाकायची सोय बहुतेक मशीनवर असते.

आता पैसे द्यायची साधनं. आपल्या यूपीआयचा तिथे उपयोग नाही. बरीच छोटी हॉटेलं फक्त रोख घेतात, दारावर 'नुर बारत्साहलुंग' लिहिलेलं असतं. काही ठिकाणी गिरोकार्ड, म्हणजे जर्मन बँकांचं डेबिट कार्ड, चालतं (लोक अजून त्याला ईसी कार्ड म्हणतात) पण व्हिसा-मास्टरकार्ड चालत नाही, आणि काही ठिकाणी दहा युरोच्या आत कार्ड घेत नाहीत. भारतीय कार्ड वापरलंत तर बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठीचं जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी लावतात. मशीनने रुपयांत की युरोत विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले की मशीनवाल्याचा चढा दर लागतो.

घाईत एकाने सगळ्यांचं भरलं, तर त्याला पेपालने किंवा थेट बँकेतून पाठवतात. पेपालमध्ये 'मित्र आणि कुटुंब' हा पर्याय निवडा, नाहीतर घेणाऱ्याच्या रकमेतून शुल्क कापलं जातं. बँकेतून पाठवायला आयबॅन, म्हणजे त्याच्या खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो. 9 ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना दहा सेकंदांत पोचणारी ट्रान्सफर द्यावीच लागते, आणि तिला साध्या ट्रान्सफरपेक्षा जास्त शुल्क लावता येत नाही. पाठवताना नाव खात्याशी जुळतं का हेही बँक तपासते, म्हणून मित्राचं हाक मारायचं नाव नको, खात्यावरचं पूर्ण नाव घ्या. पैसे त्याच संध्याकाळी पाठवा, फार तर दुसऱ्या दिवशी. 2.30 युरोची मागणी फोनवर आली तर अपमान वाटून घेऊ नका, ती वसुली नसते. तुम्हीही तशी मागणी निःसंकोच पाठवा. संकोचाने सोडून दिलेले दोन-तीन युरो चार महिन्यांनी मनात राग होऊन बसतात, हे मला जास्त वाईट वाटतं.

बिलावरून आपली जी प्रेमळ ओढाताण चालते, ती तिथे करू नका. 'मी देतो' एकदा म्हणा. समोरचा नको म्हणाला तर विषय संपला. त्याने खरंच नको म्हटलेलं असतं. जबरदस्तीने भरलंत तर त्याला आनंद होण्याऐवजी डोक्यावर उधारी बसल्यासारखं वाटतं. उलट बाजूही ध्यानात घ्या: तो 'पुढच्या वेळी तू दे' म्हणाला तर ते नुसतं बोलणं नसतं, पुढच्या वेळी तुमचा हात आधी पुढे गेला पाहिजे.

यातूनच येते आमंत्रणाची गोष्ट, आणि सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे. 'इख लाडं ओइख आइन', म्हणजे 'मी तुम्हाला आमंत्रण देतो', म्हणालात की सगळ्यांचं बिल तुमचं. नुसतं 'चला जेवायला जाऊ' म्हणायचं असेल तर 'वोलन विअर एसन गेएन?' किंवा 'कोम्ट ईअर मिट?' म्हणा. वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस तोच देतो, हे आपल्या 'पार्टी दे'सारखंच. पण विद्यार्थ्यांत आता बऱ्याचदा प्रत्येकजण आपलं भरतो, आणि तसं निरोपातच लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर सरळ विचारा. प्राध्यापक किंवा ऑफिसातला वरिष्ठ बरोबर असला म्हणून तो देईल असं धरू नका. पबमध्ये कोणी सगळ्यांसाठी 'रुंडं' आणली आणि तुम्ही त्यातला ग्लास घेतलात, तर पुढची एक फेरी तुमच्याकडे लागते. दारू घेत नसाल तर सुरुवातीलाच 'मी माझं वेगळं घेतो' म्हणा, कोणी आग्रह करत नाही.

शाकाहारी असाल तर वेगवेगळं बिल तुमच्याच फायद्याचं. तिथली केझेश्पेट्झलं चौदा-पंधरा युरोत येते, शेजारच्याचं त्स्वीबलरोस्टब्राटन (कांदा घातलेलं भाजलेलं बीफ) त्याच्या दुप्पट असू शकतं. समान वाटणी म्हणजे त्याच्या मांसाचे पैसे तुम्ही भरायचे. (माउलटाशन, म्हणजे सारण भरलेले पिठाचे चौकोन, शाकाहारी दिसतात, पण नेहमीच्या सारणात मांस असतं, 'वेगेटारिश' विचारूनच घ्या.)

समान वाटणी शोभते ती आपल्या मंडळींबरोबर भारतीय हॉटेलात, जिथे डाळ, पनीर, नान मध्ये ठेवून सगळे खातात. तिथे एकच पथ्य पाळा, दारू बाजूला काढा. चौघांचं बिल 78.40 झालं आणि त्यात 4.50 ची एक अशा तीन बिअर असतील, एकाच्या दोन आणि एकाची एक, तर 13.50 वजा करून उरलेले 64.90 चौघांत वाटा. टिप धरून 84 दिले तर वरचे 5.60 ही चौघांत. न पिणाऱ्याला 17.63 पडतात, सरसकट वाटले असते तर 21. स्प्लिटवाइज किंवा ट्रायकाउंट या खर्च वाटायच्या ॲपमध्ये हे तीन वेगळ्या नोंदींनी टाकता येतं. जर्मन मित्र बरोबर असेल तर त्याला मागवण्याआधी सांगा की आज सगळं मध्ये ठेवून खाणार आहोत; नाहीतर तो स्वतःची थाळी मागवतो आणि वाटणी कशी करायची यावर सगळे गप्प बसतात.

आठ-दहा जण असाल तर टेबल राखून ठेवतानाच वेगवेगळं बिल देतात का ते विचारा. काही हॉटेलं मोठ्या टोळीला एकच बिल देतात. मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, हा प्रश्नच येत नाही, प्रत्येकजण कार्ड टेकवून पुढे जातो.

बिअरगार्टनमध्ये, म्हणजे उघड्यावर बसून बिअर प्यायच्या जागी, काउंटरवर आपलं आपण घ्यायचं. ग्लासवर बऱ्याच ठिकाणी अनामत घेतात, 'फांड', आणि सोबत एखादं टोकन देतात. ग्लास आणि टोकन दोन्ही परत केले तरच पैसे मिळतात, आणि ते ज्याने भरले त्याचे. बवेरियात गेलात तर पारंपरिक बिअरगार्टनच्या स्वयंसेवा भागात खायचं घरून नेता येतं, फक्त पेय तिथलं घ्यायचं. थालीपीठं आणि दही घेऊन जा, बिलाचा निम्मा प्रश्न मिटतो.

शेवटी पहिल्या महिन्याची तजवीज. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं) सप्टेंबर 2024 पासून महिन्याला 992 युरो मिळतात, आणि घरभाडं व आरोग्यविमा गेल्यावर बाहेर जेवायला फार उरत नाही. 'या महिन्यात हात आखडता आहे, मी फक्त कॉफी घेतो' असं म्हटलं तर तिथे ते लगेच समजून घेतात. जर्मन खातं सुरू होईपर्यंत पाच-दहाच्या नोटा आणि एक-दोन युरोची नाणी खिशात असू द्या. 50 ची नोट सहा जणांच्या वेगवेगळ्या बिलात पुढे केली, की सुट्यांसाठी सगळं टेबल खोळंबतं.