संशोधन धोरणापर्यंत नेताना
प्रजनन आरोग्यावरील आपला अभ्यास चांगला आहे, आणि तो धोरणकर्त्यांपर्यंत कसा न्यावा, हे आपण विचारले आहे. मात्र अहवाल पूर्ण झाल्यावरच अधिकाऱ्यांकडे जाणे ही नवोदितांची नेहमीची चूक असते, कारण प्रश्न ठरवताना ज्यांना विचारले नाही, त्यांना उत्तर परकेच वाटते. सुरुवातीला एवढेच सांभाळा:

- निर्णय कोणाच्या हाती आहे आणि अंदाजपत्रक केव्हा ठरते, हे आधी शोधा.
- दोन पानी टिपणात एकच मागणी, खर्चासह मांडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लशीच्या एका डोसचा पर्याय मान्य केला, तेव्हा मुद्दा कोणालाही समजण्यासारखा होता: तेवढ्याच साठ्यात अधिक मुलींचे लसीकरण.
- गर्भपात किंवा किशोरवयीनांसाठी गर्भनिरोधके म्हटली की विरोध होणारच. तो केवळ आकडेवारीने शमत नाही, हे मीही उशिराच शिकलो.

सांख्यिकी प्रारूपांची चर्चा सध्या राहू द्या.